जुन्या मालकाची पत्रं, थकबाकी आणि वसुलीवाले : नागपुरात घर घेतलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

घर घेतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं जुन्या मालकाच्या नावानं काही ना काही येतच राहतं. कधी बँकेचा लिफाफा, कधी विजेची थकबाकी, कधी दारात उभा असलेला वसुलीवाला. यातलं काय परत धाडायचं आणि काय आपल्याच गळ्यात आहे, हे ओळखणं महत्त्वाचं. प्रश्न लोक विचारतात त्याच क्रमानं ठेवले आहेत. अवघड अपवाद शेवटी आहेत.

१. रजिस्ट्री होऊन सहा महिने झाले, तरी जुन्या मालकाची पत्रं येऊनच राहिली आहेत. उघडून पाहिली तर चालतं का?

नाही. लिफाफ्यावर ज्याचं नाव, पत्र त्याचं. पत्ता तुमचा असला तरी. जुना १८९८ चा पोस्ट कायदा जाऊन १८ जून २०२४ पासून नवा पोस्ट ऑफिस कायदा २०२३ लागू झाला. कायदा बदलला तरी दुसऱ्याची वस्तू हाती आल्यावर ती लबाडीनं ठेवून घेणं किंवा वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हाच आहे. चुकून फोडलं असेल तर घाबरू नका. टेप लावा, वर ‘चुकून उघडले’ असं लिहा आणि परत करा.

याला दोन अपवाद. ‘घरमालक’ किंवा ‘भोगवटादार’ यांना उद्देशून आलेलं पत्र तुमचंच आहे, ते उघडा. वीजबिल, पाणीबिल आणि घरटॅक्सची डिमांड जुन्या नावानं आली तरी वाचा, कारण ती माणसाबद्दल नसून घराबद्दल असतात (प्रश्न ६).

२. परत पाठवायची नेमकी पद्धत काय?

पत्त्यावर एक आडवी रेघ मारा, बारकोड झाकू देऊ नका. समोरच्याच बाजूला लिहा : ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. पाठवणाऱ्यास परत.’ खाली तारीख टाका. तुमचं नाव किंवा फोन नंबर लिहायची गरज नाही. पत्र पोस्टमनच्या हाती द्या किंवा पोस्टाच्या पेटीत टाका. नव्यानं तिकीट लावावं लागत नाही.

स्पीड पोस्ट असेल तर सही करायच्या आधीच सांगा. एकदा सही झाली की पाठवणाऱ्याच्या नोंदीत ‘पोहोचलं’ असं दिसतं आणि पुढची पत्रं त्याच पत्त्यावर येत राहतात. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, त्यामुळे कोर्टाच्या आणि वकिलांच्या नोटिसाही आता त्याच मार्गानं येतात. खाजगी कुरिअरवाल्यालाही हाच नियम लावा. तो ओटीपी मागेल, देऊ नका.

एवढं करूनही पत्रं थांबत नसतील तर तुमच्या पिनकोडची डाक जिथून वाटली जाते त्या पोस्टाच्या पोस्टमास्तरांच्या नावानं एक अर्ज द्या. कोणकोणत्या नावांची पत्रं या घरी द्यायची नाहीत ते त्यात लिहा आणि इंडेक्स-टूची (रजिस्ट्रीच्या नोंदणी उताऱ्याची) झेरॉक्स जोडा. पोच घ्या. पोस्टमन बदलला की हा अर्ज नव्याला दाखवावा लागतो, हे गृहीत धरा.

फ्लॅट स्कीममध्ये घोळ बहुतेक वेळा चौकीदारापाशी होतो. तो सगळ्यांचं सगळं सही करून घेतो आणि संध्याकाळी गठ्ठा हाती देतो. त्याच्याकडे नावांची चिठ्ठी लावून ठेवा : ‘अमुक नावाचं काहीही घ्यायचं नाही.’

३. पोस्टमन म्हणतो, ‘घेत नाही असं लिहून टाकतो.’ तेवढं पुरे ना?

हे होऊ देऊ नका. ‘घेण्यास नकार’ आणि ‘येथे राहत नाही’ हे दोन शेरे दिसायला सारखे, परिणामात अगदी वेगळे. बरोबर पत्त्यावर टपालानं पाठवलेली नोटीस पोहोचली असं जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम २७ गृहीत धरतं, आणि ‘नकार’ असा शेरा असलेला लिफाफाही न्यायालयं बजावणी झालेला मानतात. म्हणजे समजा जुन्या मालकाचा चेक परत गेला आहे. त्या नोटिशीनंतर पैसे भरायला त्याला १५ दिवस मिळतात. तुमच्या दारात ‘नकार’ लिहिला गेला की त्याचे १५ दिवस त्याच्या नकळत सुरू होतात, आणि कागदोपत्री तो तुमच्या घरातच राहत असल्याचं पक्कं होतं. मग पुढचा कागद घेऊन पोस्टमनऐवजी कोर्टाचा बेलिफ येतो.

शेरा हाच हवा : ‘सोडून गेले’ किंवा ‘येथे राहत नाहीत’. पोस्टमन लिहीत असताना तिथेच उभे राहून वाचा.

४. जुन्या मालकाची पत्रं त्याच्या नव्या पत्त्यावर वळवता येतात का?

येतात, पण ती विनंती त्यानं स्वतः पोस्टात द्यायची असते. तुम्ही त्याच्या वतीनं देऊ शकत नाही. ती मुदतीपुरतीच चालते आणि कुरिअरला लागू होत नाही. खरा उपाय म्हणजे त्यानं बँक, विमा, आधार आणि गाडीच्या आरसीवरचा पत्ता बदलणं. संबंध बरे असतील तर महिन्याच्या महिन्याला पाकिटं नेऊन द्यायला हरकत नाही, पण सही करून घेतलेली पाकिटं देऊ नका. त्याचा नवा पत्ता ठाऊक नसेल तर अंदाजानं कोणाला सांगू नका; चुकीच्या माणसाच्या दारात वसुली पाठवल्याचं पाप नको.

५. त्याचं पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, उधारी माझ्यावर येते का? माझा सिबिल बिघडेल का?

दोन्ही नाही. कर्ज हा कर्जदार आणि देणारा यांच्यातला करार आहे. तुम्ही कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर पत्ता एक असल्यानं काहीही चिकटत नाही. पर्सनल लोन, कार्ड, गाडीचं कर्ज, हातउसने, परत गेलेले चेक ही सगळी देणी माणसामागे जातात, घरामागे नाही. क्रेडिट अहवालही पॅन आणि ओळखीच्या तपशिलांवरून बनतो. एका पत्त्यावर दोन माणसं राहून गेल्यानं गुण कमी होत नाहीत. तुमच्याच अहवालात त्याचं कर्ज दिसायला लागलं असेल तर प्रश्न १६ पाहा.

६. मग घरासोबत येणारी देणी कोणती?

घरटॅक्स, विजेची थकबाकी (मर्यादेसह), पाणीपट्टी, सोसायटी किंवा अपार्टमेंटचा मेंटेनन्स, नागपूर सुधार प्रन्यासच्या प्लॉटचं भूभाडं आणि सगळ्यात जड म्हणजे घरच गहाण ठेवून काढलेलं कर्ज.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर आणि देणी विकणाऱ्यानं चुकवायची असतात, अन्यथा ठरलं नसेल तर. पण हा तुमच्या दोघांमधला हिशेब झाला. महापालिका किंवा महावितरण त्यात पडत नाही. ती घर आणि मीटर पाहते. म्हणून बऱ्याचदा आधी तुम्हाला भरावं लागतं आणि नंतर विकणाऱ्याकडून वसूल करावं लागतं (प्रश्न २०).

७. मागच्या मालकानं दोन वर्षं लाइट बिल भरलं नाही, मीटर काढून नेलं. आता महावितरण म्हणते, सगळं भरा तेव्हाच नवं कनेक्शन. हे बरोबर आहे का?

अर्धं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार जुन्या मालकाची वीज थकबाकी जागेवरचा बोजा मानली जाते आणि नव्या मालकाकडून मागता येते. पण त्याच तरतुदीत मर्यादाही आहे : नवा मालक वारस नसेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या वीज आकारापुरतीच जबाबदारी. ‘सगळं भरा’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याला ही मर्यादा लेखी विचारा. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये के. सी. निनन प्रकरणात थकबाकी भरल्याशिवाय जोडणी नाकारण्याचा वीज कंपन्यांचा अधिकार मान्य केला, पण तो नियमांच्या चौकटीत. आपल्याकडच्या नियमात सहा महिन्यांची चौकट आहे.

करायचं असं. १२ आकडी ग्राहक क्रमांक घ्या आणि उपविभागीय कार्यालयात त्या क्रमांकाचा सीपीएल उतारा (ग्राहकाच्या खात्याची खतावणी) मागा. महिनावार आकार, व्याज आणि भरणा त्यात दिसतो. त्यावरून सहा महिन्यांचा आकडा काढा. अर्जात लिहा : ‘आम्ही नवे खरेदीदार आहोत, वारस नाही, संहितेप्रमाणे मर्यादित रक्कम भरण्यास तयार आहोत.’ इंडेक्स-टू जोडा. जोडणी तातडीनं हवी म्हणून जास्त भरावंच लागलं तर ‘हक्क राखून भरत आहे’ असं अर्जावर लिहूनच भरा. पुढची पायरी ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. दोन्ही नागपुरातच आहेत.

शहराच्या महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स विभागांत २०११ ते २०१९ या काळात वितरण फ्रँचायझीकडे होतं. त्या काळची थकबाकी दाखवली गेली तर ती कोणत्या महिन्यांची आहे हे सीपीएलवरूनच कळेल. तोंडी आकड्यावर जाऊ नका.

आणि थकबाकी नसली तरी नाव बदलाचा अर्ज लगेच करा. जुन्या नावावर भरलेली सुरक्षा ठेव जुन्या ग्राहकाची असते; ती विकणाऱ्यानं परत मागितली तर तुम्हाला नव्यानं भरावी लागेल.

८. घरटॅक्सची पाच वर्षांची थकबाकी निघाली. त्या वर्षांत तर मी मालकच नव्हतो!

तरीही वसुली या घरावरूनच होऊ शकते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ नुसार मालमत्ता कर हा त्या जागेवरचा पहिला बोजा आहे, त्याच्या पुढे फक्त सरकारचा जमीन महसूल. उशिराला दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. वाद घालत वर्ष काढण्यापेक्षा भरून टाकणं स्वस्त पडतं. महापालिका अधूनमधून शास्ती माफीची अभय योजना आणते, पण तिच्या आशेवर थांबू नका. आली नाही तर शास्ती वाढतच जाते.

मालमत्तेचा इंडेक्स नंबर घेऊन आपल्या झोनमध्ये जा. नागपुरात दहा झोन आहेत : लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. वर्षनिहाय मागणीचा तक्ता घ्या. कधीकधी आधीच भरलेली रक्कम नोंदलेली नसते, म्हणून विकणाऱ्याकडच्या जुन्या पावत्या जुळवून पाहा. नंतर नामांतरणाचा अर्ज. मालकी बदलल्याची सूचना विकणारा आणि घेणारा या दोघांनीही तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. रजिस्ट्री झाली की महापालिकेत नाव आपोआप चढतं, या समजुतीत कित्येक जण वर्षानुवर्षं जुन्या नावानंच टॅक्स भरत असतात.

पाण्याचं बिल ऑरेंज सिटी वॉटरचं येतं, त्याचं खातं वेगळं. तिथे वेगळा अर्ज आणि वेगळी बेबाकी (बाकी नसल्याचा दाखला) लागते.

९. अपार्टमेंटवाले म्हणतात, जुन्या मालकाचा मेंटेनन्स तुम्ही द्या. द्यायचा का?

आधी स्कीम कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. नागपुरात अनेक फ्लॅट स्कीम सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदलेल्या आहेत; तुमच्याकडचा दस्त ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असेल तर तीच गत.

या कायद्याखाली विक्रीपर्यंतच्या थकीत खर्चाला घेणारा आणि विकणारा दोघंही जबाबदार असतात. पण त्यातच घेणाऱ्यासाठी एक चांगली सोय आहे. थकबाकीचं लेखी विवरण सचिवाकडून मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्या विवरणात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त जुनी थकबाकी नंतर तुमच्याकडून मागता येत नाही. विवरण रजिस्ट्रीआधी घेतलं तर उत्तम. व्हॉट्सॲपवरचा ‘क्लिअर आहे’ हा निरोप विवरण नव्हे. लेटरहेड, तारीख आणि सही हवी.

सहकारी सोसायटी असेल तर सभासदाच्या देण्यापोटी सोसायटीचा बोजा फ्लॅटमधल्या त्याच्या हितावर असतो. बेबाकी दाखला घेतल्याशिवाय शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर होणं अवघड.

१०. घर नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआउटमध्ये आहे. काही वेगळं पाहावं लागतं का?

हो. प्रन्यासचे बरेच प्लॉट भाडेपट्ट्यावर आहेत. त्यांचं वार्षिक भूभाडं जुन्या मालकानं वर्षानुवर्षं भरलेलं नसतं, कारण रक्कम लहान असते आणि कोणी मागायला येत नाही. हस्तांतरणाच्या वेळी ते व्याजासह समोर येतं. गुंठेवारीतल्या नियमित केलेल्या लेआउटमध्ये आरएलवर (प्रन्यासच्या रिलीज लेटरवर) विकास शुल्क बाकी आहे का तेही बघा. नझूलची (सरकारी) जमीन असेल तर आखीव पत्रिका काढा. त्यावर बोजा किंवा शर्त नोंदलेली असू शकते.

११. दारावर बँकेची ताबा नोटीस चिकटवली आहे. नाव जुन्या मालकाचं, वर्णन आमच्या घराचं.

या यादीतली एवढी एकच गोष्ट अशी आहे की त्याच दिवशी वकील गाठायचा. 

आधी फोटो काढा आणि वर्णन शब्दन्‌शब्द जुळवा : मौजा, खसरा क्रमांक, प्लॉट क्रमांक, फ्लॅट क्रमांक, चतुःसीमा. नागपुरात एकाच खसऱ्यात दहा लेआउट असतात. प्लॉट नंबर सारखा, लेआउट दुसरा असं होतं. जुळत नसेल तर नोटिशीखाली सही असलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याला रजिस्ट्रीच्या प्रतीसह लेखी कळवा आणि पोच घ्या.

जुळत असेल तर घर गहाण होतं आणि तुम्हाला ते सांगितलं गेलं नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यात (बँकांनी गहाण मालमत्ता ताब्यात घेण्याचा कायदा) क्रम असा : कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस कर्जदाराला, मग १३(४) खाली ताबा, ताबा नोटीस दारावर लागते आणि दोन वृत्तपत्रांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश. ६० दिवसांची नोटीस जुन्या मालकाच्या नावानं आली होती आणि तुम्ही ती न उघडता परत केली, म्हणून दारावरचा कागदच तुम्हाला पहिल्यांदा दिसतो. यात तुमचं चुकलं नाही. कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायला १३(४) च्या कारवाईपासून ४५ दिवस असतात, आणि तो हक्क कर्जदाराशिवाय इतर बाधित माणसालाही आहे. न्यायाधिकरण नागपुरातच आहे. दिवाणी कोर्टात मनाईसाठी धावण्यात हे ४५ दिवस घालवू नका.

वकिलाकडे जाताना विक्रीपत्र, सर्च रिपोर्ट, पैसे दिल्याचे बँक उतारे आणि विकणाऱ्याचा आधीचा मूळ दस्त न्या. तो मूळ दस्त तुमच्याकडे नसेल, ‘हरवला’ म्हणून पोलीस तक्रारीची प्रत तेवढी मिळाली असेल, तर तो बहुधा बँकेच्या तिजोरीत आहे.

१२. वसुलीवाले घरी येतात, शेजाऱ्यांसमोर आवाज चढवतात. काय बोलायचं?

कमीत कमी. ग्रिल उघडू नका. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, त्यांचा फोटो घ्या. एकच वाक्य : ‘ते इथे राहत नाहीत, घर आम्ही विकत घेतलं आहे.’ पुरावा म्हणून तुमच्या नावाचं वीजबिल दुरून दाखवा. आधार किंवा पॅनची झेरॉक्स, फोन नंबर, सही यातलं काही देऊ नका. ‘हजार-दोन हजार देऊन विषय मिटवा’ म्हणाले तरी एक रुपया देऊ नका. भरणा केला की तुमचा त्या कर्जाशी संबंध असल्याचा बहाणा त्यांना मिळतो.

रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही; धमकी आणि चारचौघांत अपमानही चालत नाही. दुसऱ्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टनं असं पत्र पाठवा :

‘आपण ____ यांच्या कर्जासंबंधी दि. ____ रोजी या पत्त्यावर प्रतिनिधी पाठवला. हे घर मी दि. ____ च्या नोंदणीकृत विक्रीपत्रानं, दस्त क्र. ____, विकत घेतलं असून सदर व्यक्ती येथे राहत नाही. मी कर्जदार, सहकर्जदार वा जामीनदार नाही. आपल्या नोंदीतून हा पत्ता काढावा आणि तसं लेखी कळवावं. यापुढे प्रतिनिधी आल्यास पोलिसांत तक्रार करीन.’

पोचपावती जपून ठेवा, पुढच्या माणसाला तीच दाखवायची. रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना मुळात ग्राहकांसाठी आहे आणि तुम्ही त्या संस्थेचे ग्राहक नाही, म्हणून तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. धमकी दिली किंवा आत घुसले तर ११२ लावा आणि आपल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या. न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीसाठी, ३२९ घरात घुसण्यासाठी.

१३. बँक नाही, पतसंस्थेचा माणूस आला. सावकारही येऊन गेला.

पतसंस्थेकडे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला असू शकतो आणि विशेष वसुली अधिकाऱ्याला जप्तीचे खरे अधिकार असतात, म्हणून त्याला खाजगी वसुलीवाल्यासारखं दारातून परत लावू नका. दाखल्याची प्रत मागा, नावं वाचा, प्रश्न १२ मधलं पत्र त्यालाच द्या.

सावकाराला २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवाना लागतो. नसेल तर तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. विनापरवाना धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि हे त्यालाही ठाऊक असतं.

१४. बेलिफ किंवा पोलीस आले तर?

त्यांना टाळू नका. दिवाणी समन्स प्रतिवादी घरी नसेल तर त्याच्या कुटुंबातल्या प्रौढ माणसाला देता येतं. तुम्ही त्याच्या कुटुंबातले नाही, म्हणून समन्स घेऊ नका, पण ‘घर विकून गेले, दि. ____’ हा शेरा बेलिफाच्या अहवालात लिहून घ्या. त्यावर तुमची सही मागितली तर करायला हरकत नाही; ती समन्स घेतल्याची नाही, माहिती दिल्याची सही आहे. वाचून करा.

पोलीस वॉरंट घेऊन आले आणि तो माणूस आत आहे असं मानायला त्यांच्याकडे कारण असेल तर त्यांना आत पाहू द्यावं लागतं. रजिस्ट्री दाखवा, जबाब द्या, स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा. दारावर कोर्टाचा जाहीरनामा लावला असेल तर फाडू नका. फोटो काढा आणि त्या कोर्टाला खटला क्रमांकासह अर्ज द्या.

१५. त्याच्या देण्यापोटी माझा टीव्ही, फ्रिज उचलून नेतील का?

जप्ती ऋणकोच्या वस्तूंचीच होते. अडचण अशी की घरातली वस्तू कोणाची हे अधिकाऱ्याला दिसत नाही. बिलं हाताशी ठेवा. पंचनाम्यावर सही करण्याआधी ‘वस्तू आमच्या मालकीच्या, हरकत नोंदवली’ हे वाक्य त्यात येऊ द्या. नेलंच तर जप्तीविरुद्ध हरकत अर्ज त्याच कोर्टात किंवा वसुली अधिकाऱ्याकडे, लिलावाच्या आधी.

१६. माझ्याच क्रेडिट अहवालात त्याचं कर्ज दिसतंय.

बँकेनं तपशील जुळवताना घोळ केला असेल, किंवा तुमची कागदपत्रं कोणी वापरली असतील. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, चारही काढा. चुकीची नोंद ऑनलाइन वादात टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. कर्ज तुमच्या पॅनवर खरंच काढलेलं निघालं तर ते पत्त्याचं प्रकरण उरत नाही. पोलीस तक्रार त्याच दिवशी.

१७. पासपोर्ट, एटीएम कार्ड, चेकबुक आलं तर? आणि माझ्या पत्त्यावर त्याची कंपनी किंवा मतदार नोंद असेल तर?

असल्या वस्तू घरात एक दिवसही ठेवू नका. प्रश्न २ प्रमाणे परत. ई-चलान आलं तर ते गाडीवर असतं. एमएच-३१ असो वा एमएच-४९, पत्त्याला त्याचा दंड लागत नाही.

पत्त्यावर नोंदलेली फर्म मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही, कारण तपासणी पथक नोंदलेल्या जागेवरच येतं. जीएसटी नोंदणी असेल तर संबंधित जीएसटी अधिकाऱ्याला रजिस्ट्रीसह कळवा. जागेची पाहणी करून नोंदणी रद्द होऊ शकते. कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडे. नोंदणीकृत कार्यालय खरं आहे का हे तपासायचा अधिकार त्यांना कंपनी कायद्याच्या कलम १२ खाली आहे. मतदार यादीतलं नाव वगळण्यासाठी फॉर्म ७, बीएलओकडे (मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे) किंवा ऑनलाइन.

१८. घर बँकेच्या लिलावात घेतलं. तेच नियम?

नाही, तुमची बाजू कमजोर असते. लिलाव ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर होतो आणि ज्ञात-अज्ञात देणी खरेदीदाराच्या माथी असल्याचं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. बँक आपलं कर्ज वळतं करून घेते. टॅक्स, वीज, मेंटेनन्स उरतात. बोली लावण्याआधी प्रश्न ७, ८ आणि ९ मधले आकडे काढा आणि ते बोलीतून वजा धरा.

१९. घर वडिलांकडून वारशानं आलं, किंवा काकांकडून विकत घेतलं. मग?

वारसाला विजेची सहा महिन्यांची मर्यादा लागू नाही, पूर्ण थकबाकी येते. वडिलांच्या वैयक्तिक कर्जाला मात्र वारस मिळालेल्या इस्टेटीपुरताच बांधील, स्वतःच्या कमाईतून नाही. बँक विचारेल, ‘तुम्ही मुलगा ना?’ उत्तर : हो, आणि इस्टेट एवढी एवढी.

नात्यात विकत घेतलं असेल तर धोका वेगळा. धनकोंना चकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेणाऱ्याला संरक्षण आहे, पण मोबदला बँकेतून दिलेला दिसला पाहिजे. ‘रोखीनं दिले, घरचेच होते’ याला कोर्टात वजन नाही.

२०. जुनी देणी मी भरली. विकणाऱ्याकडून परत कशी घ्यायची?

विक्रीपत्रात ‘आजपावेतोची सर्व देणी विकणाऱ्याकडे’ असं कलम बहुतेक असतंच, ते शोधा. नसलं तरी कलम ५५ आहे (प्रश्न ६), आणि करार कायद्याचं कलम ६९ सांगतं की दुसऱ्यानं द्यायचे पैसे स्वतःचं हित सांभाळण्यासाठी भरावे लागले तर ते त्याच्याकडून वसूल करता येतात. पावत्यांवर कालावधी छापलेला असू द्या. मिश्र पावतीत विक्रीआधीचा आणि नंतरचा हिस्सा वेगळा काढून घ्या. मग वकिलाची नोटीस, आणि नाही ऐकलं तर दिवाणी दावा. मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षं. रक्कम आठ-दहा हजारांची असेल तर नोटिशीपर्यंतच जा, दाव्याचा खर्च आणि तारखा त्याहून महाग पडतात.

२१. रजिस्ट्री अजून व्हायची आहे. यातलं काय आधीच टाळता येईल?

इसाराच्या वेळीच लिहून घ्या की शेवटच्या हप्त्यातून ठरावीक रक्कम नाव बदल आणि बेबाकी होईपर्यंत राखून ठेवली जाईल. तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स-टू आणि सरसाईच्या (गहाणांची केंद्रीय नोंदणी) नोंदवहीतला शोध, तिन्ही करा. महाराष्ट्रात मूळ दस्त ठेवून काढलेल्या कर्जाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यायची असते, ती सर्चमध्ये दिसते. पण ही तरतूद २०१३ पासूनची आहे, त्याआधीचं गहाण त्यात सापडेलच असं नाही. म्हणून मूळ दस्त डोळ्यांनी पाहा, कलर झेरॉक्सवर समाधान मानू नका. रजिस्ट्रीच्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढा, आणि विकणाऱ्याचा पुढचा पत्ता त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.

२२. मी भाडेकरू आहे. पत्रं आधीच्या भाडेकरूची आणि वसुली घरमालकाची, दोन्ही माझ्याकडे येतात.

आधीच्या भाडेकरूची पत्रं प्रश्न २ प्रमाणे. घरमालकाच्या कर्जाचा कागद आला तर त्याला फोटो पाठवा, सही करू नका, आणि भाडं बँकेतूनच द्या. ताबा नोटीस लागली असेल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि त्याची तारीख हाच तुमचा आधार; गहाणाच्या आधीचा करार आणि नंतरचा करार यांत फार फरक पडतो. अकरा महिन्यांचा कागद नोटरीकडूनच केला असेल तर नवी जागा बघायला सुरुवात करा.